पिंजऱ्याचे दार कोणी लावायचे?

कुत्र्याचे शेपूट बारा वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण एखाद्याचा स्वभाव सांगताना वापरतो. नळीत शेपूट अडकलेल्या त्या कुत्र्याला काय वाटले असेल, याचा विचार मात्र म्हण करणाऱ्याने केलेला दिसत नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे. कारण अलीकडे बऱ्याच घरांत शेपटाऐवजी सबंध कुत्रेच एका मोठ्या नळीत घातले जाऊ लागले आहे. ही नळी तारेची असते, तिला एक दार असते आणि दुकानात तिला ‘क्रेट’ म्हणतात. आपण तिला सरळ पिंजरा म्हणू.

विद्यार्थी मित्रांनो, पैसे मोजून परदेशी जातीचे पिल्लू आणण्यापेक्षा रस्त्यावरचे, जखमी किंवा बेवारशी कुत्रे घरी आणावे, हा विचार आता आपल्याकडे चांगला रुजू लागला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातून एक नवीच अडचण उभी राहते. वसईच्या किल्ल्याजवळ, समुद्रकाठी, पाचूबंदर हे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या वाळूवर वाढलेले वर्षा-दीड वर्षाचे एक कुत्रे एखाद्या कनवाळू कुटुंबाबरोबर वसईतल्या किंवा विरारमधल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले, असे समजा. मुले शाळेत जातात, मोठी माणसे लोकल गाडीने कामाला जातात. संध्याकाळी परत येऊन पाहावे तो चपलांचा भुगा, दारावर ओरखडे आणि शेजाऱ्यांची तक्रार. मग कोणीतरी सल्ला देते, “पिंजरा आणा, त्यात कोंडा. दोन-चार दिवस रडेल, मग आपोआप गप्प बसेल.”

माझ्या मते या सल्ल्याचा पहिला भाग चालण्याजोगा आहे, दुसरा चुकीचा आहे आणि तिसरा फसवा आहे. पिंजरा आणायला हरकत नाही. कोंडायला आहे. आणि ‘गप्प बसेल’ याचा अर्थ काय, हे तर नीट तपासूनच पाहिले पाहिजे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. पहिला पंधरवडा बिघडला की ‘हे कुत्रे आपल्याला जमायचे नाही’ असे घरातली मंडळी ठरवून टाकतात आणि त्याला कुठेतरी सोडून येतात. त्याचा जुना मुलूख सुटलेला असतो आणि नवे घरही गेलेले असते. अनोळखी गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीपुढे अशा एकट्या कुत्र्याचे काय होते, ते सांगायला नको.

होडीखालची सावली

पिंजऱ्याविषयी बोलण्यापूर्वी हे कुत्रे कुठून आले ते पाहू. दुपारच्या वेळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर गेलात, तर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतील, आणि एखाद्या होडीखाली पंजांनी वाळू उकरून त्या खळग्यात पोट टेकून पडलेले कुत्रे दिसेल. त्याने ही जागा का निवडली? वरची कोरडी वाळू उन्हाने चटके बसण्याइतकी तापते. पण तिच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे ती उष्णता खाली फारशी पोचत नाही. वीतभर खालची वाळू ओलसर असते. उकरून ती उघडी केली की तिच्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन होऊ लागते, आणि बाष्पीभवनाला लागणारी उष्णता त्या वाळूतून आणि कुत्र्याच्या पोटातून काढून घेतली जाते. कुत्रे पदार्थविज्ञान शिकलेले नाही, पण निवड त्याने बिनचूक केली आहे.

आता या जागेची पिंजऱ्याशी तुलना करा. दोन्ही ठिकाणी जागा आखडती आहे आणि डोक्यावर आडोसा आहे. फरक एकच, पण फार मोठा. होडीखालून हव्या त्या बाजूने, हव्या त्या क्षणी बाहेर पडता येते.

पिंजऱ्याची बाजू घेणारे लोक सांगतात, की कुत्रा हा मुळात गुहेत किंवा बिळात राहणारा प्राणी आहे, म्हणून पिंजरा त्याला आवडतोच. हे अर्धसत्य आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे आपल्या देशातील मोकळ्या कुत्र्यांचा अभ्यास करीत आहेत. कुत्री आपल्या पिलांसाठी कशी जागा निवडते, यावर त्यांनी २०१६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या वर्दळीपासून दूर जाण्याऐवजी कुत्री माणसांच्या जवळपासच्या जागा पसंत करतात, असे त्यांना आढळले. म्हणजे बीळ ही मुख्यतः बाळंतिणीची खोली आहे, ती बारमाही घर नाही. पिले मोठी झाली की तिचे काम संपते. शिवाय कुठल्याही बिळाला बाहेरून कडी नसते.

याच संशोधकांचे २०१७ सालचे एक काम आपल्या विषयाला अधिक उपयोगी आहे. अनोळखी माणसाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना काही दिवस पुन्हा पुन्हा भेटायचे, काहींना जास्तीचे खाणे द्यायचे आणि काहींना कुरवाळायचे, असा प्रयोग त्यांनी केला. कुरवाळल्याने जो विश्वास बसला, तो नुसत्या जादा खाण्याने बसला नाही. पिंजरा विकत घेण्याआधी हे ध्यानात ठेवावे. घरी आणलेल्या कुत्र्याला सर्वांत आधी गरज असते ती विश्वासू माणसाची, आणि ते माणूस तुम्ही होऊ शकता.

आधी कान पाहा

घरी आलेल्या कुत्र्याच्या कानाकडे नीट पाहा. एका कानाला छोटी खाच असेल, तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून, शस्त्रक्रिया करून, रेबीजची लस टोचण्याचा कार्यक्रम चालतो. त्यासाठी २०२३ सालचे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. कार्यक्रम आवश्यकच आहे. पण कुत्र्याच्या बाजूने पाहिले, तर त्याला धरले गेले, गाडीत घातले गेले आणि काही दिवस पिंजऱ्यात ठेवले गेले. तेव्हा खाचेच्या कानाचे कुत्रे पिंजऱ्याला नवखे नसते. त्याची पिंजऱ्याशी ओळख झालेली असते, आणि ती चांगली असण्याचा संभव कमी.

इथे इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाची आठवण होते. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न देण्यापूर्वी दरवेळी एक ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्यांचा शोध तुम्हांला ठाऊक असेल. या शिकण्याला मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात. आवाजात स्वतःचे असे काही चवदार नसते. त्यापाठोपाठ जे येते, त्याची चव त्याला लागते. पिंजऱ्याचेही तसेच आहे. तारांची ती चौकट मुळात चांगलीही नसते आणि वाईटही नसते. तिच्या पाठोपाठ काय येते, यावर सारे अवलंबून असते. तिच्यापाठोपाठ एकटेपणा आला, तर ती एकटेपणाची घंटा होते.

पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील आणखी एका कुत्र्याची हकिगत मात्र फारशी कोणी सांगत नाही. हे कुत्रे अंगाने निरोगी आणि स्वभावाने गरीब होते, पण प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी अडकवले की ते धडपडे, कुरतडे, आणि त्याची लाळ अखंड गळत राही. त्याला दुखत काहीच नव्हते. त्याला अडकवलेले असणेच सहन होत नव्हते. १९१७ साली पावलॉव्ह यांनी यावर निबंध लिहिला आणि या वागण्याला ‘स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया’ असे नाव दिले. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे डोळ्यांत धूळ जाताच पापणी मिटावी तशी उपजत क्रिया. बंधन आले की ते झुगारण्याची धडपड ही पावलॉव्ह यांच्या दृष्टीने याच जातीची होती. तेव्हा पाचूबंदरचे कुत्रे पिंजऱ्याचे दार लागताच ओरडू लागले, तर त्याला हट्टी किंवा माजलेले म्हणण्यात अर्थ नाही.

गप्प बसणे म्हणजे शिकणे काय?

आता ‘रडून रडून आपोआप गप्प बसेल’ या आश्वासनाकडे वळू. ते बहुधा खरे ठरते, आणि म्हणूनच ते फसवे आहे. कुत्रे गप्प बसते, पण ते शांत झाले म्हणून की त्याने आशा सोडली म्हणून, हे शांततेवरून कळत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत विचार करायला लावणारे आहेत. काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के देण्यात आले, की जे थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. नंतर त्यांना दुसऱ्या एका पेटीत ठेवले. तिथे मधला बुटका अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली की धक्का टळत होता. ज्या कुत्र्यांना आधी असा त्रास झाला नव्हता, ती लवकरच उडी मारायला शिकली. पण आधी निरुपायाने धक्के सोसलेली बरीच कुत्री तिथेच पडून राहिली. सुटका एका उडीवर असूनही ती मुकाट्याने सोसत राहिली. असे प्रयोग क्रूर होते, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण जे त्यातून कळले, ते विसरून जाणे हा त्या कुत्र्यांवर दुसरा अन्याय ठरेल.

या कथेला पुढचा भागही आहे. मेंदूच्या संशोधनात भर पडल्यावर, २०१६ साली याच दोघांनी आपले पूर्वीचे अनुमान उलटे फिरवले. पूर्वी ते म्हणत, की प्राणी हतबलता ‘शिकतो’. आता त्यांचे म्हणणे असे, की दीर्घकाळ न टळणाऱ्या त्रासापुढे हातपाय गाळणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट. ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ ही जाणीव शिकावी लागते. पन्नास वर्षांनी आपलेच मत तपासून दुरुस्त करणारे शास्त्रज्ञ म्हणूनही हे दोघे तुमच्या लक्षात राहावेत.

पिंजऱ्यात विजेचे धक्के नसतात, हे खरे. तेव्हा तुलना ताणू नये. तरीही धडा आपल्याला लागू पडतो. कुत्र्याला शिकवायचे काय? पिंजऱ्यात बसणे, हे उत्तर अपुरे आहे. ‘मी आत गेलो तरी बाहेर येणे माझ्या हाती आहे’ हे त्याला शिकवायचे आहे. ज्याला हे समजले, ते कुत्रे आत निवांत झोपते.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही एकदम कोंडत नाही, हळूहळू सवय लावतो.” पण नुसते हळूहळू पुरत नाही. लायकाचे उदाहरण घ्या. लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली, सुमारे सहा किलो वजनाची भटकी कुत्री. भटकी कुत्री थंडी आणि उपासमार सोसून काटक झालेली असतात, म्हणून अंतराळ प्रवासासाठी त्यांची निवड झाली. यानातील कुपी अगदी लहान होती. तिची सवय व्हावी म्हणून या कुत्र्यांना क्रमाक्रमाने अधिकाधिक लहान पिंजऱ्यांत, वीस-वीस दिवसांपर्यंत ठेवण्यात आले. यापेक्षा अधिक पद्धतशीर ‘हळूहळू’ कुठले असणार? पण कुत्र्यांनी मलमूत्र विसर्जन बंद केले, ती बेचैन झाली आणि त्यांची प्रकृती ढासळली. पायऱ्या होत्या, पण पुढच्या पायरीवर जायचे की नाही, हे कुत्र्याला कोणी विचारले नव्हते.

३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून लायका पृथ्वीभोवती फिरू लागली. तिला परत आणण्याची सोय त्या यानात नव्हतीच. ती काही दिवस जगली असा समज पुष्कळ वर्षे होता. पण उड्डाणानंतर काही तासांतच कुपीतील उष्णतेने आणि ताणाने तिचा मृत्यू झाला होता, हे २००२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी जाहीर केले. त्या मोहिमेवर काम केलेले ओलेग गाझेन्को यांनी १९९८ साली, आपल्याला या गोष्टीचे दुःख वाटते असे उघडपणे सांगितले होते.

दार उघडे ठेवून

मग करायचे कसे? मला योग्य वाटते ती रीत अशी. पहिले काही दिवस पिंजऱ्याचे दार काढूनच ठेवावे, किंवा दोरीने मागे बांधून टाकावे, म्हणजे ते चुकूनही आपटणार नाही. पिंजरा घरातल्या माणसांच्या वावरात, पण वाटेत येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावा. आत जुनी गोधडी घालावी. कुत्र्याला आत ढकलू नये, ओढू नये. दाराजवळ काहीतरी आवडते टाकावे आणि आपण बाजूला व्हावे. पाचूबंदरच्या कुत्र्याला बिनमिठाच्या सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा महागड्या बिस्किटापेक्षा अधिक ओळखीचा वाटेल. आज तुकडा दारापाशी, उद्या उंबऱ्यावर, परवा आत. ते आत जाऊन तुकडा घेऊन लगेच बाहेर आले, तर येऊ द्यावे. बाहेर येता येते हाच तर पहिला धडा आहे.

ते आपणहून आत जाऊन बसू लागले, की दार क्षणभर नुसते लोटावे आणि लगेच उघडावे. मग पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट. त्या वेळी आपण समोरच बसावे. पुढे खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावे आणि परत यावे. त्यानंतरच नजरेआड व्हावे. कुठल्याही पायरीवर ते बेचैन झाले, तर दोन पायऱ्या मागे यावे. यात आठवडा जाईल किंवा दोन महिने जातील. वेळापत्रक कुत्र्याचे असते.

इथे एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कुत्रे आत असताना रडू लागले आणि आपण दार उघडले, तर ‘रडले की दार उघडते’ असे ते शिकणार नाही का? शिकेल. शिवाय कधी उघडले, कधी नाही उघडले, असे केले तर रडणे अधिकच पक्के होईल. कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडायला फार अवघड असते, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील आणि उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले आहे. म्हणूनच काही लोक म्हणतात, रडले तरी उघडू नका. पण तसे केले तर हतबलतेचा धोका आहे. या पेचातून सुटायचे कसे? माझे उत्तर असे, की पायरी इतकी लहान ठेवावी की रडण्याची वेळच येऊ नये. दहा सेकंदांनी ते कुरकुरते असे दिसले, तर आठव्या सेकंदाला दार उघडावे. रडे सुरू झालेच, तर उघडावे, आणि पायरी मोठी झाली होती असे समजून उद्या ती लहान करावी. परीक्षा कुत्र्याची नसते, पायरीची असते.

पिंजऱ्याचे पदार्थविज्ञान

पिंजऱ्यात कुत्र्याला मान न वाकवता उभे राहता आले पाहिजे, स्वतःभोवती वळता आले पाहिजे आणि कुशीवर पाय ताणून झोपता आले पाहिजे. हे झाले मापाचे. आता घर्षणाचे पाहा. पिंजऱ्याच्या तळाशी बहुधा पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची गुळगुळीत परात असते. वाळूत पंजा रुतवून चालणाऱ्या कुत्र्याला घरातली लादी आधीच निसरडी वाटते. त्यात पाय घसरला आणि परात खडखडली, की पिंजरा म्हणजे पायांखालची जमीन सरकवणारी वस्तू, असे त्याच्या मनात बसते. गोधडीखाली गोणपाट घातला तर घसरणेही थांबते आणि आवाजही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उष्णतेचा. पंधरा किलो वजनाचे कुत्रे निवांत पडलेले असतानाही सुमारे २५ वॅट उष्णता निर्माण करीत असते, म्हणजे तासाला सुमारे २२ किलोकॅलरी. हवा थंड असेल तर ही उष्णता सहज बाहेर पडते. पण हवेचे तापमान कुत्र्याच्या अंगाच्या तापमानाच्या, म्हणजे सुमारे ३८.५ अंश सेल्सिअसच्या, जवळ गेले की बाष्पीभवन हाच जवळजवळ एकमेव मार्ग उरतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून जिभेवरचे आणि श्वासमार्गातले पाणी उडवते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. गणित करून पाहा: २२,००० ला ५८० ने भागले, तर तासाला सुमारे ३८ ग्रॅम पाणी उडावे लागते. कुत्रे घाबरून धडपडत असेल तर त्याच्या कितीतरी पट.

वसईची हवा दमट. हवेत आधीच वाफ भरलेली असली की नवी वाफ होण्याचा वेग मंदावतो. त्यात पिंजरा गच्चीत ठेवला, त्यावर जाड चादर टाकली, म्हणजे आतल्या आत वाफ कोंडते आणि धापांचा उपयोग होईनासा होतो. आडोसा वाटावा म्हणून कापड टाकायचे असेल, तर ते पातळ सुती असावे आणि निदान दोन बाजू उघड्या असाव्यात. पाणी आत असलेच पाहिजे. उन्हाच्या जागी पिंजरा कधीही ठेवू नये. लायकाचा घात शेवटी उष्णतेनेच केला, हे विसरू नका.

तुमची वही

या साऱ्यात तुमचे काम कोणते? घरात सर्वांत चांगले निरीक्षक तुम्ही आहात. एक वही घ्या. रोज ठरलेल्या वेळी तुकडा टाकल्यापासून कुत्रे आत जाईपर्यंत किती सेकंद लागले, ते लिहा. आत किती वेळ राहिले, ते लिहा. आत असताना खाते की नुसते हुंगते, ते लिहा. ते गाढ झोपलेले असताना बरगड्यांची हालचाल मोजा. शांत झोपलेले मोठे कुत्रे मिनिटाला साधारणपणे तीसपेक्षा कमी वेळा श्वास घेते. बंद दारामागे गप्प पडलेले कुत्रे भराभर श्वास घेत असेल, ओठ चाटत असेल, समोरचा आवडता तुकडाही खात नसेल, तर ती शांतता खरी नाही. गप्प बसणे आणि शांत होणे यांतला फरक अशा मोजण्यानेच कळतो.

महिनाभराचा आलेख काढा. तो सरळ रेषेत उतरणार नाही. दोन दिवस उतरेल, तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकून एकदम चढेल. हलवून सोडलेला लंबक जसा मागेपुढे होत होत हळूहळू स्थिरावतो, तसे कुत्र्याचे मन स्थिरावते. एका वाईट दिवसावरून निष्कर्ष काढू नये, हे प्रयोगशाळेत जितके खरे तितकेच घरात. आणि एका कुत्र्याच्या वहीवरून सगळ्या कुत्र्यांचा नियमही सांगू नये.

मात्र दोन पथ्ये पाळा. नव्या कुत्र्याची पशुवैद्याकडून तपासणी आणि रेबीजची लस झाल्याशिवाय त्याच्याशी झोंबाझोंबी करू नका, आणि ते पिंजऱ्यात असताना हात किंवा डोके आत घालू नका. ती जागा त्याची आहे. कुत्र्याने चावा घेतलाच, किंवा नखाने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. यात लपवाछपवी करू नये.

पिंजरा अजिबात नको, असे म्हणणारेही लोक आहेत. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे, पण मी तितक्या टोकाला जात नाही. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला काही दिवस स्वस्थ ठेवावे लागते. कधी गाडीने गावी न्यावे लागते. दिवाळीत फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याला ओळखीचा आडोसा फार उपयोगी पडतो. पिंजऱ्याशी ज्याची मैत्री आहे, त्याला ही संकटे सोपी जातात. पण घरातली सगळी माणसे आठ-दहा तास बाहेर आणि कुत्रे तेवढा वेळ कडीबंद, यासाठी पिंजरा वापरणे मला मान्य नाही. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणे आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहेत. ज्या घरात दिवसभर कोणीच नसते, त्या घराने शेजाऱ्यांची, आजी-आजोबांची मदत घ्यावी, किंवा तूर्त कुत्रे आणू नये. पिंजरा माणसाच्या वेळेची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा घरात पिंजरा येईल त्या दिवशी वडीलधाऱ्यांना तुम्ही एक विनंती करा. महिनाभर त्याच्या दाराची कडी काढून ठेवा. दार उघडे असताना कुत्रे आपल्या पायांनी आत जाऊन झोपले, तर पिंजरा त्याचे घर झाला. दार उघडे असताना ते एकदाही आत गेले नाही, तर ते बंद केल्याने काय साधणार, हा प्रश्न घरातल्या सर्वांनी मिळून सोडवायचा आहे.